सान फेर्मीनला निघण्याआधी जागा ठरवा

सान फेर्मीन हा स्पेनमधल्या पाम्प्लोनाचा सण. तिथे गल्ल्यांमधून सोडलेल्या वळूंच्या पुढे माणसं धावतात. ही वळूंची धाव बघायला निघाला असाल तर एकच गोष्ट आधी ठरवा: सकाळी आठ वाजता तुम्ही नेमके कुठे उभे असणार? मी व्हिसा, विमान, पांढरे कपडे सगळं वेळेत केलं आणि हेच ठरवलं नाही. साडेसहाला एस्ताफेता गल्लीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. वळू इथूनच जातात, म्हणजे दिसणारच, असं मी धरून चालले होते. मग पोलीस आले आणि धावणार नसलेल्या आम्हा सगळ्यांना गल्लीबाहेर काढलं. कुंपणापाशी पोचले तोवर तिथे माणसांच्या ओळींवर ओळी. आवाज सगळे ऐकले, वळू एकही दिसला नाही.

तारखा नीट बघा. सण 6 जुलैला दुपारी बाराला नगरपालिकेच्या सज्जातून आतषबाजीचा बाण उडवून सुरू होतो, पण त्या दिवशी धाव नसते. धाव 7 ते 14 जुलै, रोज सकाळी आठला. शनिवार-रविवार टाळा.

राहायची सोय काही महिने आधी करा. गावात खोली मिळाली नाही तर लोक सान सेबास्तियान या दुसऱ्या शहरात राहतात, पण मग पहाटे सहाच्या आत कुंपणापाशी कसे पोचणार तेही आत्ताच बघा. नसेल जमत तर आदल्या रात्रीच या आणि जागे राहा.

कपडे: पांढरा सदरा, पांढरी पँट, कमरेला लाल पट्टा, गळ्यात लाल रुमाल. 6 तारखेचा बाण उडेपर्यंत रुमाल गळ्यात बांधायचा नाही, मनगटाला गुंडाळा. बूट बंद हवेत, रस्त्यावर काचा असतात.

आता जागा. वाट साधारण 875 मीटरची: सान्तो दोमिंगोचा चढ, नगरपालिकेचा चौक, मेर्कादेरेस गल्ली, मग उजवीकडे वळून लांबलचक एस्ताफेता, पुढे तेलेफोनिका नावाचा टप्पा आणि शेवटी बुलरिंगमध्ये, म्हणजे वळूंच्या झुंजीच्या रिंगणात, शिरणारा अरुंद बोळ. एस्ताफेतात दोन्ही बाजूंना घरं आहेत, तिथे बघणाऱ्याला रस्त्यावर जागाच नाही. जिथे घरांची भिंत तुटते, चौकात आणि तेलेफोनिकाला, तिथे लाकडी कुंपण असतं, तेही दुहेरी. दोन कुंपणांमधली पट्टी डॉक्टर, पोलीस आणि पत्रकारांची. धावणारा जीव वाचवायला आतल्या कुंपणाखालून तिथेच शिरतो. तुमची जागा बाहेरच्या कुंपणावर, दुसरीकडे कुठेही नाही. मधल्या पट्टीत उभे राहिलात तर हाकलतील, आणि तोवर बाहेरची जागा गेलेली असेल. सहाच्या आत या, वरच्या फळीवर बसा, हलू नका. दोघं असाल तर लघवीला एकेकाने जायचं.

एवढं नको असेल तर बाल्कनी भाड्याने घ्या. महाग पडते, पण पैसे देण्याआधी कुठली गल्ली, कितवा मजला आणि पुढच्या रांगेत उभं राहायला मिळणार का, हे लेखी विचारा. तिसरा मार्ग बुलरिंगचं तिकीट: तिथे फक्त शेवट दिसतो, पण दिसतो नक्की. तिन्हींपैकी एक आत्ता निवडा. तिथे गेल्यावर बघू म्हणू नका, मी तसंच म्हटलं होतं.

धावीच्या वेळीही बाण उडतात, त्यांचे अर्थ लक्षात ठेवा. पहिला: गोठ्याचं दार उघडलं. दुसरा: सगळे वळू रस्त्यावर आले. तिसरा: सगळे रिंगणात पोचले. चौथा: कोंडले गेले. पहिल्या दोन बाणांत अंतर पडलं तर कळप फुटलाय, एखादा वळू मागे राहिलाय, आणि एकटा वळू सर्वांत धोक्याचा. सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं; फोन काढण्यात ती घालवू नका.

स्वतः धावायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. 1910 पासून 16 माणसं यात मेली आहेत. तरी धावणार असाल तर वय 18 पूर्ण हवं, दारू नको, पाठीवर पिशवी नको, हातात कॅमेरा नको. पडलात तर डोकं झाकून पडूनच राहा. 1995 मध्ये एक तरुण पडून पुन्हा उठला आणि तेवढ्यात शिंग लागून गेला.

आणखी एक, जे आधी माहीत असायलाच हवं: सकाळी धावणारे सहाही वळू त्याच संध्याकाळी साडेसहाच्या झुंजीत मारले जातात. ते बघायचं की नाही, हे सोबतच्या मुलांशी आधी बोलून घ्या. मी गेले नाही.

बाकी: धावीनंतर चॉकलेट आणि चुरोस (पिठाच्या तळलेल्या कांड्या), मग झोप. दिवसा उंच राजा-राण्यांच्या बाहुल्यांची मिरवणूक, मुलांना तीच आवडते. रात्री अकराला आतषबाजी. 14 ला मध्यरात्री नगरपालिकेच्या चौकात मेणबत्त्या घेऊन निरोप. तिथेही लवकर जाऊन जागा धरा.