आर्च लिनक्सवर प्रिंटर जोडताय? या चुका टाळा

आर्चवर प्रिंट निघत नसेल, तर दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरचा नसतो. तरीही माणूस आधी कंपनीच्या वेबसाइटवर जातो आणि डेब फाइल उतरवून ती बळेच बसवू पाहतो. तसं करू नका. डेब फाइल डेबियन-उबंटूसाठी बांधलेली असते. आधी बघा, ड्रायव्हर लागतो तरी का. प्रिंटर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअरवाला असेल, तर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. असा प्रिंटर यूएसबीने जोडणार असाल, तर 'आयपीपी-यूएसबी' हे पॅकेज टाका.

दुसरी चूक अगदी साधी, पण सगळ्यात जास्त वेळ खाणारी. 'कप्स' (लिनक्सवर छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकलं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ६३१ पोर्ट उघडला, तर पान येतच नाही. आर्च कुठलीही सर्व्हिस आपणहून सुरू करत नाही. सिस्टमसीटीएल (सर्व्हिस चालू-बंद करणारी कमांड) वापरून कप्स एनेबल करा आणि लगेच सुरूही करा.

वायफायचा प्रिंटर यादीत दिसतो, पण प्रिंट दिली की 'प्रिंटर सापडत नाही' म्हणतो? अवाही (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी सर्व्हिस) सुरू आहे का आणि एनएसएस-एमडीएनएस (त्यांची नावं ओळखून देणारं पॅकेज) टाकलंय का, ते बघा. मग नावं कुठे शोधायची ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमधली 'होस्ट्स'ची ओळ तपासा. तिथे 'एमडीएनएस मिनिमल' हा शब्द 'रिझॉल्व्ह' आणि 'डीएनएस' यांच्या आधी हवा. नंतर लिहिला तर उपयोग नाही.

आता आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर अजूनही दिसणारा एचपी लेझरजेट १०२०. याचं फर्मवेअर (प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर) प्रिंटरमध्ये टिकत नाही. बंद करून चालू केला की दर वेळी संगणकाकडून नव्याने भरावं लागतं. ते एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हर-संचाच्या मुख्य पॅकेजमध्ये नसतं, वेगळ्या प्लगिनमध्ये असतं. म्हणून एचपीलिप टाकून थांबू नका, 'एचपी-प्लगिन' ही कमांडही चालवा. शिवाय प्लगिन आणि एचपीलिप यांची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. आर्चमध्ये एचपीलिपची नवी आवृत्ती अपडेटबरोबर येते आणि प्लगिन मात्र जुनंच राहतं. कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज गप्प बसला, की लोक केबल बदलतात, प्रिंटर काढून पुन्हा जोडतात. त्याआधी 'एचपी-प्लगिन' पुन्हा चालवून बघा. एयूआर या वापरकर्त्यांनी चालवलेल्या पॅकेज-साठ्यातही प्लगिनचं पॅकेज मिळतं, पण तिथेही आवृत्ती जुळवूनच घ्यावी लागते.

एक सवय मात्र आजच सोडा: घाईत पॅकमनला (आर्चची पॅकेजं बसवणारी कमांड) फक्त यादी ताजी करणारं 'एसवाय' देऊन एकटं कप्स टाकणं. आर्चमध्ये अर्धवट अपडेट चालत नाही. लायब्ररींच्या आवृत्त्या फिसकटतात आणि खापर प्रिंटरवर फुटतं. नेहमी 'एसवाययू', म्हणजे पूर्ण अपडेट.

'फिल्टर फेल्ड' (फाइल प्रिंटरला कळेल अशा रूपात बदलणारा भाग अडला) असं आलं तर अंदाजाने पॅकेजं टाकत सुटू नका. कप्ससीटीएल या कमांडने डीबग लॉगिंग (तपशीलवार नोंदी) चालू करा, एक पान छापायला द्या आणि कप्सचा एरर लॉग उघडा. कुठला फिल्टर अडला, ते तिथे नावानिशी मिळतं. अनेकदा घोस्टस्क्रिप्ट (फिल्टरना लागणारा प्रोग्रॅम) टाकलेलंच नसतं. कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचे काही भाग ३२ बिटी आहेत, त्यामुळे पॅकमनच्या कॉन्फिग फाइलमध्ये मल्टिलिब (३२ बिटी पॅकेजांचा साठा) बंद असेल तर ते चालणारच नाहीत. तिथल्या मल्टिलिबच्या दोन ओळींपुढची # ही खूण काढा, पूर्ण अपडेट करा आणि मगच एयूआरमधून ड्रायव्हर बांधायला घ्या.