गोव्याचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

देवस्थानची स्मरणिका, गावाची माहितीपुस्तिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक, नाहीतर पर्यटकांसाठी काढलेले छोटे पुस्तक. गोव्याचा इतिहास बहुतेकांच्या हाती पडतो तो असा. जाड संशोधनग्रंथ उघडणारे थोडेच. त्यामुळे या लहान पुस्तकांतली चूक फार दूर जाते. एका स्मरणिकेतून ती दुसरीत उतरते, तिथून मुलांच्या प्रकल्पवहीत आणि मग मोबाइलवर. काही वर्षांनी तीच चूक ‘परंपरेने चालत आलेली माहिती’ म्हणून पुन्हा छापायला येते.

असे मजकूर वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. बहुतेक चुका आकसाने होत नाहीत. आजच्या गोव्याचा नकाशा मनात धरून आपण चारशे वर्षांपूर्वीचे लिहितो, तिथे त्या होतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा हा प्रदेश पोर्तुगिजांच्या हाती एका दिवसात आला नव्हता, एका शतकातही नव्हता. म्हणून ‘गोव्यात असे झाले’ असे वाक्य कागदावर आले की लगेच विचारायचे: कुठल्या महालात म्हणजे तालुक्यात, आणि कुठल्या साली?

सरसकट ‘साडेचारशे वर्षे’

सर्वांत जास्त छापली जाणारी ओळ म्हणजे ‘गोवा साडेचारशे वर्षे पोर्तुगिजांच्या गुलामगिरीत होता’. तिसवाडीपुरती ती खरी आहे. आफोन्स द आल्बुकेर्कने १५१० मध्ये आदिलशहाकडून तिसवाडी घेतली, काही महिन्यांतच गमावली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकली. तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ४५१ वर्षे होतात. बारदेस आणि सासष्टी मात्र कायमचे पोर्तुगिजांकडे गेले ते १५४३ मध्ये. या तीन महालांना जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, म्हणतात.

नव्या काबिजादींची गोष्ट वेगळी. म्हैसूरच्या हैदरअलीने गोव्याशेजारचे सोंद्याचे राज्य जिंकले, सोंदेकर राजा गोव्यात आश्रयाला आला आणि १७६३ नंतर फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग पोर्तुगिजांकडे गेला. कागदोपत्री हस्तांतर पुरे व्हायला १७९१ उजाडले. डिचोली १७८१ मध्ये गेली, त्यानंतर सत्तरी, आणि पेडणे १७८८ मध्ये. पेडण्याच्या एखाद्या शाळेच्या अंकात ‘आमच्या गावाने साडेचारशे वर्षे जुलूम सोसला’ असे छापले, तर गावाच्या इतिहासातली पावणेतीनशे वर्षे पुसली जातात. त्या काळात तिथे सावंतवाडीकर होते, त्याआधी आदिलशाही होती, जमिनीची दप्तरे वेगळी होती, वतने वेगळी होती. पेडणेकराने ती शोधायची की नाही, हे त्या एका ओळीवर ठरते.

गोव्याच्या निम्म्याहून अधिक भूभागावर पोर्तुगीज आले तेव्हा धर्मांतराचा तो जुना कडक काळ ओसरला होता. नव्या काबिजादी घेताना लोकांच्या धर्मात आणि चालीरीतींत हात घालणार नाही, अशी हमी पोर्तुगिजांनी दिली होती. फोंडा आणि सासष्टी यांत आजही दिसणाऱ्या फरकाचे मोठे कारण तिथे आहे.

देवळांच्या स्थलांतराची गल्लत

मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. ही यादी सगळ्यांना पाठ असते. चुका होतात त्या तिच्या आजूबाजूला.

पहिली चूक, ‘इन्क्विझिशनने देवळे पाडली’. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पडली. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायासन, गोव्यात आले १५६० मध्ये. सासष्टीतली देवळे १५६६-६७ मध्ये पाडली गेली ती राशोलच्या कप्तानाच्या हुकमतीखाली. म्हणजे हे काम मुलकी आणि लष्करी सत्तेचे, धर्मगुरूंच्या आग्रहाने झालेले. इन्क्विझिशन हे न्यायासन होते. दोन्ही यंत्रणा एकाच धोरणाच्या होत्या, पण कोणी काय केले ते नेमके लिहिलेच पाहिजे. जबाबदारी चुकीच्या दारात टाकली की खऱ्या हुकमाचा कागद शोधायला कोणी जात नाही.

दुसरी चूक, ‘देव हिंदू राजाच्या, म्हणजे सोंदेकरांच्या आश्रयाला गेले’. १५६० च्या दशकात फोंडा आदिलशहाकडे होता. पोर्तुगिजांच्या हद्दीतून पळवलेल्या देवांना आसरा मिळाला तो विजापूरच्या सुलतानाच्या मुलखात. सोंदेकरांचा अंमल तिथे पुढचा. हे लिहायला काहींचा हात अडखळतो, पण आपल्या पूर्वजांनी रात्रीची नदी ओलांडून कुठे जायचे हे काय पाहून ठरवले असेल, ते या तपशिलाशिवाय कळत नाही.

तिसरी, फोंड्यातले प्रत्येक देऊळ नदीपलीकडून आले असे गृहीत धरणे. बांदिवड्याच्या नागेशीला १४१३ चा शिलालेख आहे, पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा. तो देव तिथलाच. आणि देव आला ते साल म्हणजे आजची वास्तू बांधली ते साल नव्हे. कवळ्याचे आज दिसणारे देऊळ अठराव्या शतकातले, शाहूमहाराजांच्या कारकिर्दीत नारोराम मंत्री यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले. मूर्ती, मूळ स्थान, स्थलांतर आणि वास्तू या चारही गोष्टींची साले स्मरणिकेत स्वतंत्र द्यावीत. एकही माहीत नसेल तर तेवढे सोडून द्यावे.

नार्व्याच्या सप्तकोटेश्वराबद्दलही असेच घोळ होतात. देव मूळ दिवाडीचा. शिवाजी महाराजांनी तो नार्व्याला आणला असे काही ठिकाणी छापलेले असते. देव आधीच नार्व्याला आलेला होता, महाराजांनी १६६८ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार सुरू करवला. शिलालेखात शके १५९० आहे.

एकसारखी नावे, वेगळ्या जागा

कदंबांची राजधानी जुन्या गोव्यात होती, असे बरेच जण लिहितात. कदंबांचे गोपकपट्टण जुवारीच्या काठी, आज जिथे गोवा वेल्हा म्हणजे थोरले गोवे आहे तिथे होते. त्याआधी ते चंद्रपूर म्हणजे चांदरहून राज्य करीत. चर्चेस आहेत ते जुने गोवे मांडवीकाठी. पोर्तुगिजांनी आपल्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी १५३० मध्ये कोचीनहून तिथे आणली, आणि पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला तो १८४३ मध्ये.

दुसरी जोडी त्याहून फसवी. गोव्यातली सासष्टी आणि ठाणे-वसईकडची साष्टी. पोर्तुगीज कागदांत दोन्ही नावे एकसारखीच दिसतात. मराठ्यांनी ठाण्याकडची साष्टी १७३७ मध्ये घेतली, आणि १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपड्यांच्या फौजा गोव्याच्या सासष्टीत मडगावपर्यंत शिरल्या. वसईचा वेढा तेव्हा चालूच होता. एका साष्टीचे पत्र दुसऱ्या साष्टीला चिकटवले की दोन्ही मोहिमा बिघडतात. पत्रात राशोल, मडगाव, कुठ्ठाळी यांपैकी काही आले तर ते गोव्याचे. ठाणे, वांद्रे, वर्सोवा आले तर उत्तरेकडचे.

तारखांचा घोळ

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथल्या चुका प्रामाणिक माणसाकडूनही होतात.

सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावाचा पोर्तुगिजांविरुद्धचा उठाव घ्या. काही पुस्तकांत १५ जुलै १५८३ आहे, काहींत २५ जुलै. ‘तारखेबद्दल मतभेद आहेत’ असे लिहून लोक पुढे जातात. मतभेद नाहीतच. तो एकच सोमवार आहे. १५ जुलै ही जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख, २५ जुलै सुधारित ग्रेगोरियन पंचांगाची. पोर्तुगालने नवे पंचांग ऑक्टोबर १५८२ मध्ये घेतले होते, म्हणजे ही घटना बदलाच्या अगदी उंबरठ्यावरची.

इंग्रजांनी मात्र जुने पंचांग १७५२ पर्यंत सोडले नाही. त्यामुळे सतराव्या शतकात कारवारच्या किंवा सुरतेच्या वखारीचे इंग्रज पत्र आणि गोव्याच्या विजरईचे (पोर्तुगीज व्हाइसरॉयचे) पत्र यांत एकाच दिवसाला दहा दिवसांचा फरक पडतो. १७०० नंतर तो अकरा दिवसांचा होतो. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही आपल्याला पाठ असलेली तारीख ज्युलियन. पोर्तुगिजांच्या हिशेबाने तो दिवस १६ जून. एका लेखात इंग्रजी आणि पोर्तुगीज दोन्ही साधने वापरली असतील, तर सगळ्या तारखा एका पंचांगात आणून मगच घटनांचा क्रम लावावा. नाहीतर उत्तर आधी आणि पत्र नंतर, असे विचित्र चित्र तयार होते. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. त्यांच्या कागदात फेब्रुवारी १६८३ दिसला तर तो बहुधा आपला फेब्रुवारी १६८४ असतो.

मराठी कागदांसाठी: शकात ७८ मिळवायचे, पण पौषाच्या पुढे जानेवारी उजाडला की चैत्र पाडव्यापर्यंत ७९. पेशवाई दप्तरातल्या सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६००. एवढे दोन आडाखे कागदावर लिहून जवळ ठेवले तरी पुष्कळ चुका वाचतात.

सेंट फ्रान्सिस झेवियर आणि इन्क्विझिशन

‘झेवियरने इन्क्विझिशन चालवले’ असे एका बाजूने लिहिले जाते, ‘झेवियरचा इन्क्विझिशनशी संबंध नाही’ असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही चूक. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात आले, आणि १५४६ मध्ये आंबोयना बेटावरून त्यांनी पोर्तुगालच्या राजाला इन्क्विझिशन पाठवा म्हणून पत्र लिहिले. डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांचे निधन झाले. न्यायासन सुरू झाले त्यानंतर सात-आठ वर्षांनी. मागणी त्यांची होती, एकाही खटल्यात ते बसले नाहीत. एवढे दोन वाक्यांत लिहिता येते आणि कोणत्याही वाचकापुढे ठेवता येते.

आकड्यांबाबत तर फारच जपावे. १७७४ पर्यंत सोळा हजारांहून अधिक माणसांवर खटले चालले, असे जुन्या याद्यांवरून दिसते. पुस्तकांत या आकड्याचे ‘सोळा हजार जाळले’ असे होते. अभ्यासकांच्या मोजणीत नेहमी दिला जाणारा आकडा ५७ जणांना प्रत्यक्ष आणि ६४ जणांना पुतळ्याच्या रूपात जाळल्याचा आहे. आणखी एक गोष्ट हमखास निसटते. या न्यायासनाची हद्द पूर्व आफ्रिकेपासून मकावपर्यंत होती. ते सोळा हजार लोक सगळे गोमंतकीय नव्हते. आरोपींत मोठा भाग ख्रिस्ती झालेल्यांचाच, आधी ज्यू वंशाचे आणि पुढे इथले बाटलेले, जुन्या चालीरीती पाळल्याबद्दल पकडलेले. हिंदूंवरही काही बाबतींत खटले चालत.

जाळलेल्यांचा आकडा लहान आहे म्हणून दहशत लहान होती, असे मुळीच नाही. तुळस, लग्नातली गाणी, धोतर, ओटी यांसारख्या घरातल्या गोष्टींवर १७३६ च्या हुकूमनाम्याने बंदी घातली. शेजारी शेजाऱ्याची खबर देत असे. कोणी आपल्या स्वयंपाकघरातली चाल लपवून पाळायची, याहून मोठा जाच तो कोणता? तो सांगायला आकडा फुगवावा लागत नाही. फुगवला की समोरचा तो आकडा खोडतो आणि त्याबरोबर सगळाच जाच खोडून टाकतो. शेवट १८१२ मध्ये झाला. मध्ये १७७४ ते १७७८ न्यायासन बंद होते, हेही लिहावे.

कोकणीवरच्या १६८४ च्या बंदीचा हुकूमही इन्क्विझिशनच्या नावावर टाकतात. तो विजरई कोंद द आल्व्होरने काढला. तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज बोलायला लागावे, असे त्यात होते. हा तोच विजरई, ज्याला आदल्या वर्षी संभाजी महाराजांनी फोंड्याहून पिटाळले होते.

१६८३ ची मोहीम

त्या मोहिमेबद्दल दोन कथा चालतात. संभाजी महाराजांनी गोवा जिंकलाच होता ही एक. विजरईने झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवला आणि संताने शहर वाचवले ही दुसरी. राजदंड ठेवल्याची आठवण चर्चच्या परंपरेत आहेच. मराठ्यांनी जुवे बेट घेतले, विजरई जखमी होऊन परतला, पुढे बारदेस आणि सासष्टीत मराठी फौजा फिरल्या, हे सगळे झाले. तिसवाडीचे शहर मात्र हाती आले नाही. महाराज मागे फिरले ते जानेवारी १६८४ मध्ये शाहआलमची मोगल फौज रामघाटातून उतरून डिचोलीकडे आली म्हणून. दोन्ही कथांत नेमका मोगलच गळालेला असतो. दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत एकच रिकामी जागा दिसली, की तिथेच कागद शोधावा.

थोडक्यात आणखी काही

वास्को द गामाने गोवा जिंकला नाही. तो १४९८ मध्ये कालिकतजवळ उतरला. मुरगावच्या शहराला त्याचे नाव मात्र आहे.

विजयनगरचा गोव्यातला अधिकारी माधव मंत्री आणि विद्यारण्यस्वामी म्हणून ओळखले जाणारे माधवाचार्य हे वेगळे.

गोवा १९६१ मध्ये राज्य झाले नाही. दमण-दीवसह केंद्रशासित झाले, राज्य झाले ३० मे १९८७ रोजी. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढाच प्रश्न होता, आणि कौल केंद्रशासित राहण्याच्या बाजूने, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा लागला.

गावाचा इतिहास लिहायला बसलात तर

म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले जरूर छापा, पण ‘गावात असे सांगतात’ या शब्दांसह, वेगळ्या परिच्छेदात. गावकारीचे (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे) जुने कागद कोणाकडे आहेत ते विचारा. जुन्या काबिजादीतल्या गावांसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा. १५९५ पासूनची ही परंपरा आहे, आणि तिथल्याच पोर्तुगीज कागदांतून इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी पाने उजेडात आणली. पोर्तुगीज येत नसेल तर वाचता येणाऱ्या एखाद्या वयस्क शेजाऱ्याला बरोबर न्या. अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. नव्या काबिजादीतले गाव असेल, तर सावंतवाडी, सोंदे आणि पेशवे यांचे कागदही लागतील, आणि त्यासाठी मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा लागेल.