नॅनो फिलर घातलेलं फायबर समुद्राच्या पाण्यात किती टिकतं, हे तपासायचं कसं

उद्यमबागेत माझं फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. बेळगावातली इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टसाठी लॅमिनेट (काचेच्या धाग्याचे थर रेझिनमध्ये भिजवून केलेली प्लेट) बनवून घ्यायला येतात, आणि हल्ली बहुतेकांना रेझिनमध्ये नॅनो फिलर, म्हणजे नॅनोक्ले (मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे) नाहीतर ग्राफीन (कार्बनचे तसेच पापुद्रे) घालायचं असतं. वेंगुर्ला-मालवणच्या फायबरच्या होड्या बघून पोरं हा विषय घेतात, ते मला मनापासून आवडतं. पण टेस्टची आखणी एकाच साच्यातली असते: तुकडे खाऱ्या पाण्यात बुडवायचे, महिन्याने काढून तोडायचे, ताकद इतके टक्के घटली असं लिहायचं. त्या आकड्यावरून लॅमिनेट बिघडलं की नुसतं ओलं झालं, ते कळत नाही. ते कळेल अशी टेस्ट कशी करायची, ते सांगते.

पाणी आत दोन कामं करतं. एपॉक्सी रेझिनच्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरून ते रेझिन मऊ करतं. हे नुकसान वाळवल्यावर बरंचसं भरून येतं. दुसरं काम घातक. काचेचा धागा आणि रेझिन यांना धरून ठेवणारा सायलेनचा थर पाण्याने तुटतो, आणि ती पकड वाळवून परत येत नाही. नॅनोक्ले-ग्राफीनचे पापुद्रे नीट पसरले, तर पाण्याला वळसे घेत जावं लागतं आणि ते सावकाश शिरतं. गुठळ्या राहिल्या तर त्यांच्याभोवतीच्या पोकळ्यांत पाणी साचतं, म्हणजे फिलर घालून उलटंच झालं. साधी क्ले स्वतःच पाणी ओढते, म्हणून ऑर्गॅनिक प्रक्रिया केलेलीच घ्या.

कॉलेजांत बहुधा एलवाय ५५६ हे एपॉक्सी रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर असतं, वजनाने १०० ला १०. पावडर आधी ओव्हनमध्ये वाळवा. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये तर हे टाळूच नका. पावडर हाताळताना मास्क हवा, पंखा बंद हवा. सुरुवात वजनाच्या १ टक्क्याच्या आतच ठेवा, जास्त घातलं की गुठळ्या वाढतात. सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) हार्डनर घालायच्या आधी चालवा, भांडं बर्फात ठेवून. मग एक थेंब दोन काचपट्ट्यांत दाबून मायक्रोस्कोपखाली बघा. काळे ठिपके, म्हणजे गुठळ्या, दिसल्या तर पुन्हा फिरवा, त्या रेझिनचं लॅमिनेट टाकू नका. रेझिन पूर्ण गार झाल्यावरच हार्डनर. प्लेट घट्ट झाली की ८० अंशांवर काही तास पोस्ट-क्युअर करा, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून पूर्ण पक्की करा. तुकडे कापल्यावर कडांना त्याच रेझिनचा पातळ हात द्या, कारण कापलेल्या धाग्यांच्या टोकांतून पाणी सरळ आत जातं.

पाण्यासाठी आंबोली घाट उतरून कॅन भरून आणायची गरज नाही. कॅनमधलं पाणी दिवसागणिक बदलतं, शेवाळ धरतं. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची डी ११४१ ही कृती वापरा: लिटरला २४.५३ ग्रॅम मीठ (सोडियम क्लोराइड), ५.२० मॅग्नेशियम क्लोराइड, ४.०९ सोडियम सल्फेट, १.१६ कॅल्शियम क्लोराइड, बाकीचे क्षार किरकोळ, पीएच ८.२. हे आकडे निर्जल, म्हणजे आत पाणी न धरलेल्या, क्षारांचे आहेत. स्टोअरमधल्या मॅग्नेशियम क्लोराइडच्या बाटलीवर हेक्साहायड्रेट (पाणी धरलेला क्षार) लिहिलेलं असेल तर ११.१ ग्रॅम घ्यावं लागेल. बाटली वाचूनच तोला.

शेजारी डिस्टिल्ड पाण्याचीही एक टाकी ठेवा. खाऱ्या पाण्यात वजन बहुधा कमीच वाढतं, कारण मिठामुळे पाण्याची आत शिरायची ओढ कमी होते. ते फिलरच्या खात्यावर जमा करू नका.

दोन्ही टाक्या ४० अंशांवर. लवकर उरकावं म्हणून ६०-७० वर नेऊ नका. हे रेझिन ओलं झालं की त्याचा मऊ पडण्याचा अंश खाली येतो, आणि मग तुम्ही वेगळ्याच मालाची टेस्ट करत बसता.

बुडवण्याआधी तुकडे ५० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. नंतर दर वेळी बाहेर काढून डिस्टिल्ड पाण्यात बुचकळा, नाहीतर मिठाचंच वजन होईल. टिश्यूने पुसा, लगेच ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर ठेवा. पहिल्या दिवशी दोन-चारदा, मग रोज, पुढे आठवड्याला. ग्राफ वेळेच्या वर्गमुळावर काढा: आधी सरळ रेष, मग सपाट. सपाट होऊन खाली झुकला तर रेझिनमधून काहीतरी विरघळून बाहेर चाललंय. सपाट व्हायचं नावच घेत नसेल, तर आत भेगा पडत असण्याची शक्यता मोठी.

आता मुख्य काम. तुकड्यांच्या तीन थप्प्या करा, प्रत्येकीत किमान पाच. पहिली कधीच न भिजलेली. पण तीही तेवढेच दिवस ४० अंशांच्या कोरड्या ओव्हनमध्ये, कारण उष्णतेने रेझिन आणखी पक्कं होत राहतं. दुसरी पाण्यातून काढून ओलीच तोडायची. तिसरी भिजवून, पुन्हा ५० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोडायची. फिलर नसलेल्या लॅमिनेटच्याही अशाच तीन थप्प्या हव्यात. नुसती टेन्साइल टेस्ट पुरत नाही, तिच्यात भार धागे घेतात आणि पकड सुटलेली झाकली जाते. एएसटीएमच्याच दोन टेस्ट करा: वाकवायची डी ७९० आणि शॉर्ट बीम शिअरची (आखूड तुकडा वाकवून थर एकमेकांवर सरकतात का ते बघायची) डी २३४४.

दुसरी थप्पी पडली आणि तिसरी सावरली, तर रेझिन फक्त मऊ झालं होतं. तिसरीही पडलेलीच राहिली, तर धाग्याची पकड गेली किंवा रेझिनला भेगा पडल्या. यातलं नक्की काय झालं ते तुटलेल्या जागी एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघा. धागे उघडे, गुळगुळीत दिसले तर पकड सुटली. धाग्यांना रेझिनचे तुकडे चिकटलेले असतील तर पकड शाबूत आहे. फिलर असलेल्या आणि नसलेल्या लॅमिनेटचे फोटो एकाच मॅग्निफिकेशनवर काढून रिपोर्टमध्ये शेजारी-शेजारी लावा.