भरीत आणि शेवभाजी करताना या चुका टाळा

हिवाळा लागला की जळगावच्या बाजारात भरिताची पांढरट-हिरवी वांगी उतरतात आणि माझ्याकडे दरवर्षी त्याच तक्रारी येऊ लागतात: भरीत पाणचट झाले, कडवट लागले, गावाकडची चव काही आली नाही. काय काय केले ते विचारले की चूक बहुतेक वेळा फोडणीच्या आधीच सापडते.

वांगे निवडताना घाई करू नये. बामणोद आणि आसोदा या गावांच्या वांग्यांचे नाव आमच्याकडे आदराने घेतले जाते आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यात बिया कमी आणि गर भरपूर असतो. आकाराच्या मानाने हलके लागणारे वांगे घ्यावे. जड वांग्यात बिया भरलेल्या असण्याचा संभव अधिक, आणि कडवटपणा तेथूनच येतो.

मात्र सर्वांत मोठा घात होतो तो भाजताना आणि भाजल्यानंतर. दोन वर्षांपूर्वी चंपाषष्ठीला पुण्यात भाच्याच्या नव्या घरी पंधरा माणसे जेवायला होती आणि मी जळगावहून सात किलो वांगी पिशवीत घालून नेली होती. मी पूजेचे साहित्य आणायला बाहेर गेलो, तेवढ्यात भाच्याने मोठ्या आचेवर वांगी भराभर काळी केली, एकेक नळाखाली धरून स्वच्छ धुतली आणि मिरच्यांसह मिक्सरमधून काढली. मी परतलो तेव्हा पातेल्यात राखाडी, चिकट लगदा होता, त्याच्या कडेने पाणी सुटले होते आणि देठाजवळचे कच्चे, स्पंजासारखे तुकडे मध्येच दाताखाली येत होते. घट्टपणा यावा म्हणून त्याने दाण्याचे कूट घातले आणि उरलीसुरली चवही गेली. सुदैवाने चार वांगी शिल्लक होती. ती गच्चीवर घमेल्यात कोळसे पेटवून सावकाश भाजली आणि प्रत्येकाच्या पानात दोन-दोन घास वाढले. दहा मिनिटे वाचवण्यासाठी एवढे चांगले वांगे वाया घालवणे मला आजही सहन होत नाही.

गावी आम्ही पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतो. शहरात गॅसवर जाळी ठेवावी, वांग्याला तेलाचा हात लावून सुरीने तीन-चार ठिकाणी टोचावे आणि आच मध्यमच ठेवून ते फिरवत राहावे. माझी आजी म्हणायची, "देठ धरून उचललं आणि वांग्यानं मान टाकली, की ते झालं." मी अजूनही तीच खूण पाहतो. नंतर दहा मिनिटे परातीखाली झाकून ठेवावे, म्हणजे वाफेने साल सुटते. वांगे धुवू नये, कारण धुराचा वास गरालाच लागलेला असतो आणि पाण्याबरोबर तो निघून जातो. फक्त बोटे ओली करून साल काढावी. गर चाळणीत निथळू द्यावा आणि लाकडी दांडक्याने ठेचावा, त्याचे धागे दिसले पाहिजेत. मिक्सरमध्ये हे धागे तुटतात आणि बियाही वाटल्या जातात. भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण मिठासोबत ठेचून घ्यावे. तेलात शेंगदाणे आणि कांद्याची पात परतून सगळे एकत्र करावे, वरून कोथिंबीर पेरावी. टोमॅटो, हळद आणि गरम मसाला या भरितात मी कधीच घालत नाही आणि कोणी घातलेला मला आवडतही नाही.

शेवभाजीत तर बहुतेक जण शेव रश्श्यात टाकून पातेले झाकून ठेवतात आणि अर्ध्या तासाने बेसनाचे पिठले वाढतात. रस्सा उकळता हवा आणि जेवणारे पानावर बसल्यानंतरच शेव त्यात पडली पाहिजे. शेवही भाजीची, जाड आणि तिखट लागते. चिवड्यातली बारीक शेव क्षणात विरघळते. वाटणाचा कांदा आणि सुके खोबरे खमंग, गडद भाजावे, पण खोबरे काळे पडले तर ते निःसंकोच टाकून द्यावे, कारण तो कडूपणा नंतर कोणत्याही मसाल्याने झाकला जात नाही. वाटण तेल सुटेपर्यंत परतावे आणि पाणी गरमच घालावे, म्हणजे तर्री वर येते.

बट्टीला, म्हणजे वरणासोबत खायच्या गव्हाच्या कणकेच्या गोळ्यांना, पोळीची मऊ कणीक वापरू नये. गव्हाचे रवाळ दळण आणावे.

कळण्याच्या भाकरीला चिरा पडतात त्याचे कारण बहुधा जुने पीठ असते. आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, थोडे मीठ, असे कळण दळून आणतात आणि ते पंधरा दिवसांत संपवतात. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर थंड पाण्याने मळून हाताला दोष देत बसू नये. उकळत्या पाण्यात उकड घेऊन ती गरम असतानाच मळावी आणि भाकरी लगेच थापावी.