गोमुखला चालत जाताना: सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी

गंगोत्री ते गोमुख, म्हणजे जिथे हिमनदीतून भागीरथी उगम पावते ती जागा, १८ किलोमीटर. वाट रुळलेली, चढ सौम्य. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्याला यात दम लागण्यासारखं काही नाही, आणि गफलत नेमकी इथेच होते. कळसूबाई १,६४६ मीटर, गंगोत्रीच ३,१०० च्या आसपास, वाटेतला मुक्काम भोजबासा सुमारे ३,८००. तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. मांड्या कितीही तयार असल्या तरी रक्ताला सवय व्हायला दिवसच लागतात.

म्हणून ऋषिकेशहून गाडीने थेट गंगोत्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भोजबासा, असा कार्यक्रम आखू नका. पहिला मुक्काम उत्तरकाशीत करा. त्यानंतर गंगोत्रीत दोन रात्री. मधल्या दिवशी परवाना लागणाऱ्या गोमुखच्या वाटेवर न जाता गावाच्या आसपास दोन-तीन तास हळू चढा आणि झोपायला खाली या. सुट्टी कमी असेल तर परतीचं फिरणं कापा, हा दिवस नको. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

ही वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते आणि तिथे दिवसाला १५० जणांनाच सोडतात. परवाना वनखात्याकडून मिळतो. मे-जूनच्या गर्दीत आधी काढलेला बरा. प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स जवळ ठेवा. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. पावसाळ्यात दरडींमुळे उत्तरकाशीच्या पुढचा रस्ताच बंद पडतो.

भोजबासाला राहायची आणि जेवायची सोय होते, त्यामुळे तंबू-स्टोव्ह वाहायची गरज नाही. सॅक ८ किलोच्या आत बसवा. सुती टी-शर्ट घामाने भिजला की वाळत नाही आणि थांबल्या थांबल्या अंगात हुडहुडी भरते, म्हणून आत ड्रायफिट, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. लोकरीचे मोजे दोन जोड, कानटोपी, हातमोजे, गॉगल. बूट नवे असतील तर आधी महिनाभर घालून फिरा. मोबाइल आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. खाण्यात चिक्की, खजूर, दशम्या. उंचीवर भूक मरते, तेव्हा आवडीचं असेल तेच पोटात जातं.

गंगोत्रीहून सकाळी सातला निघा. चीडबासा ९ किलोमीटरवर, तिथे मोठी विश्रांती. पुढच्या टप्प्यात वरून दगड येतात. ऊन लागलं की गोठलेली माती सुटते, कधी भरलांचे (हिमालयातल्या रानमेंढ्यांचे) कळपही दगड ढकलतात. वाटेवर धारदार, पांढरट कडांचे, धूळ न बसलेले दगड दिसले तर ते नुकतेच पडलेले आहेत. अशा जागी फोटो नाही, पाणी नाही. एकेकाने अंतर ठेवून, वर लक्ष ठेवत झपझप पार व्हा. एरवी मात्र गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. त्याला पुढे ठेवा आणि अनुभवी माणूस शेवटी. चालताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर. भागीरथीच्या राखाडी पाण्यात दगडाची बारीक पूड असते. क्लोरीनच्या गोळ्या अशा गढूळ पाण्यात नीट काम करत नाहीत. बाजूच्या नितळ झऱ्याचं भरा किंवा मुक्कामी उकळलेलं मागा.

डोकं दुखतंय, जेवण नको वाटतंय, मळमळतंय, यातली दोन लक्षणं दिसली तर पुढे चढायचं नाही. शंका असेल तर त्या माणसाला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी सोबत घेऊन लगेच खाली उतरवायचं. 'सकाळी बघू' म्हणणारे साथीदार प्रेमळ असतात, पण ते चुकतात. आणि त्याला एकटं पाठवू नका.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला निघालात तर ४ किलोमीटरवरचं गोमुख दीड-दोन तासांत येतं. शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडधोंड्यांचा, कधीकधी खाली बर्फ असलेला. पाय ठेवण्याआधी काठीने दगड हलवून बघा. हिमनदीच्या तोंडापाशी मात्र जाऊ नका. वरून बर्फाचे तुकडे कोसळतात, आणि ऊन चढेल तसे जास्त. पाण्यात उतरून बाटली भरायचा मोहही टाळा, गंगोत्रीच्या घाटावर तेच पाणी आहे. नऊपर्यंत माघारी फिरा, कारण दुपारी बर्फ वितळून आडवे ओढे फुगतात. गोमुखच्या वरच्या तपोवन या कुरणाचा बेत असेल तर स्थानिक गाइडशिवाय नाही.

गंगोत्रीहून निघाल्यावर लागणाऱ्या कनखूच्या वनचौकीवर जाताना प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजून त्यांच्यासाठी अनामत रक्कम घेतात. म्हणून चिक्कीची वेष्टनं गंगोत्रीतच काढून सगळी एका डब्यात भरा, परतताना मोजदाद लवकर आटपते.