जुन्या वस्तीत नवी इमारत उभारताना या चुका टाळा

सर्रास होणारी चूक म्हणजे नक्कल. शेजारी कमानी दिसल्या की काँक्रीटच्या सांगाड्यावर फायबरच्या कमानी चिकटवायच्या. कमानीचं काम भार पेलायचं. भारच नसेल तर ती नुसती नक्षी. जुन्या वास्तूत अपरिहार्य म्हणून केलेली भर वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर आजच्या काळाचा ठसा असावा, असं 1964 ची व्हेनिस सनदही (स्मारकांच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) सांगते.

पण याचा अर्थ ‘काहीही करा’ असा कुणी काढला तर ती उलटी चूक. फ्रान्समधल्या नीम शहरात वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांची ‘कारे द आर’ ही इमारत (1993) थेट रोमन मंदिरासमोर आहे. मजले नऊ, पण जवळपास निम्मे जमिनीखाली, म्हणून उंची शेजाऱ्यांच्या पातळीत राहिली. काच आणि बारीक खांब उघडपणे आजचे आहेत. तेव्हा शैलीवर वाद घालण्याआधी टेप काढा आणि शेजारच्या इमारती मोजा: मजल्यांच्या रेषा, खिडक्यांची रुंदी-उंची, प्लॉटची रुंदी. आराखड्यात लांबलचक भिंत आलीच असेल, तर ती शेजारच्या प्लॉटच्या रुंदीएवढ्या भागांत विभागा, प्रत्येक भागाला दार देऊन. नुसते रंगाचे पट्टे मारून कुणी फसत नाही.

थ्रीडी व्ह्यू आकाशातून काढू नका. तिथून फक्त कावळे बघतात. रस्त्यावरून, डोळ्याच्या उंचीवरून काढा. आणि लांबूनही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एल्बे खोऱ्याचा जागतिक वारसा दर्जा 2009 मध्ये गेला, तो खोऱ्याच्या मधोमध येऊन लांबूनचं दृश्य तोडणाऱ्या चौपदरी पुलामुळे.

खरं दुखणं मात्र जमिनीखाली असतं. जुन्या भिंतींचा पाया बरेचदा उथळ असतो. शेजारी तळघर खणलं की माती सरकते; पंपानं पाणी उपसलं की जमीन खचते. खणण्याआधी शेजारच्या प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो घ्या, तिच्यावर मापपट्टी लावा. खोदाई एका दमात नको, टप्प्याटप्प्यानं करा. भेग वाढली तर काम त्याच क्षणी थांबवा. आधी आधार, मग चर्चा.

चुन्याच्या भिंतीच्या दर्जा (विटांमधले सांधे) सिमेंटनं भरल्या असतील तर ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि विटांचे पापुद्रे सुटतात. ते सिमेंट छिन्नीनं, हातानं काढा. ग्राइंडर विटेची कडच खातो. मग दर्जा चुन्यानंच भरा.

नवी भिंत जुनीला घट्ट बांधून टाकू नका. दोन्ही वेगवेगळ्या खचतात, म्हणून मध्ये फट ठेवा आणि वर लवचिक झाकण द्या. नव्या गच्चीचं पाणी त्या फटीत उतरत नाही ना, हे पहिल्या पावसाआधी बादली ओतून बघा.