फास्ट रिअॅक्टरमध्ये नमुने टाकताय? आधी फट मोजा

फास्ट रिअॅक्टरमध्ये (वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या अणुभट्टीत) न्यूट्रॉनचा मारा सहन करायला धातूचे नमुने ठेवायचे म्हटलं की चर्चा डोसची, म्हणजे एकूण किती मारा बसला याची होते. डेटा मात्र बहुधा तापमानापायी वाया जातो. ऑस्टेनिटिक स्टीलचं (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) न्यूट्रॉनमुळे फुगणं पन्नास अंशांच्या फरकानेही पार बदलतं.

उदाहरण घ्या. स्टीलच्या नमुन्यांच्या रांगेचा व्यास १० मिमी, गॅमा किरणांमुळे तयार होणारी उष्णता ५ वॅट प्रति ग्रॅम. म्हणजे दर सेंटिमीटर लांबीमागे सुमारे ३१ वॅट बाहेर काढायचे. नमुना आणि कॅप्सूलची (ज्या बंद नळीत नमुने असतात तिची) भिंत यांत ०.१ मिमी फट ठेवून हीलियम भरला, तर तिथे तेहतीसेक अंशांचा फरक पडतो. आर्गॉन भरला तर अडीचशेच्या घरात! हवं ते तापमान या दोन वायूंच्या मिश्रणातून साधायचं.

इथेच गफलत होते. ही फट गरम अवस्थेतली धरायची. नमुना भिंतीपेक्षा २५० अंशांनी गरम असेल तर तो एका बाजूला २० मायक्रॉनहून जास्त फुगतो, फट तेवढी कमी होते आणि आर्गॉनमध्ये तेवढ्यानेच पन्नासेक अंश घटतात. लेथवरच्या टॉलरन्सचाही हाच हिशेब. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नेता येत नसेल तर ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या तारा किंवा सिलिकॉन कार्बाइडचे तुकडे सोबत ठेवा. तारा फक्त कमाल तापमान सांगतात, हे विसरू नका.

डोससाठी लोखंड, निकेल, नायोबियम, तांबं यांच्या तारा नमुन्यांना खेटून बसवा; त्यांत बनणाऱ्या किरणोत्सारी अणूंवरून मारा मोजता येतो. निकेलमधून बनणाऱ्या कोबाल्ट-५८ चं अर्धायुष्य ७१ दिवस, त्यामुळे वर्षभराच्या प्रयोगात पहिल्या फेऱ्यांची आठवण त्यात उरतच नाही. लोखंडातलं मँगनीज-५४ (३१२ दिवस) बरं. तांब्याची तार मात्र कोबाल्टची भेसळ तपासूनच घ्या, नाहीतर त्या भेसळीतून बनलेलं कोबाल्ट-६० तांब्यातल्या कोबाल्ट-६० मध्ये मिसळतं.

नमुने बाहेर काढताना घाई नको. अशा अणुभट्टीला थंड ठेवणारा द्रव सोडियम अपारदर्शक, आत काय चाललंय ते दिसत नाही. जपानच्या जोयो रिअॅक्टरमध्ये २००७ साली प्रयोग-उपकरणाचा नमुन्यांचा भाग धारकापासून पुरता सुटलाच नव्हता. तो वाकला, गाभ्यावरच्या संरचनेलाही इजा झाली आणि ती बदलायला २०१४ उजाडलं. सुटल्याची खात्री भार मोजून आणि दुसऱ्या एखाद्या पद्धतीनेही करा.

पुढे हॉट सेलमध्ये (किरणोत्सारी वस्तू हाताळायच्या जाड भिंतींच्या खोलीत) नमुन्यांवरचा सोडियम धुणं. दमट नायट्रोजन किंवा अल्कोहोल चालतं, थेट पाणी नको. आटे आणि बंद खाचांत सोडियम दडून बसतो, म्हणून कॅप्सूलच्या आराखड्यातच निचऱ्याची भोकं ठेवा.